सही आहे, पण कुणाची?

फिफ्टी-फिफ्टी म्हटलं की आपल्याला आधी बिस्किट आठवतं. मग कॉलेजच्या कॅन्टीनमधली वडापावची वाटणी. निम्मं तुझं, निम्मं माझं, हिशेब संपला. ऐकायला किती फेअर! पण आता जरा पुढचं गणित करा. गाणार तुम्ही, घसा तुमचा, घाम तुमचा, स्टेजवर उभे राहणार तुम्ही. आणि तुम्हाला 'शोधून काढलं' म्हणून एक साहेब तुमच्या प्रत्येक रुपयातले आठ आणे उचलणार. किती वर्षं? कागदावर लिहिलंय तितकी. कागद वाचलात? नाही? मग सही कुणी केली, राजे?

या आठवड्याचा सिनेमा या आठ आण्यांबद्दल आहे. 'एक्स्प्रेसो बोंगो'. साल १९५९, गाव लंडन, रंग ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक व्हॅल गेस्ट. मुळात हे लंडनच्या वेस्ट एंडमधलं म्युझिकल नाटक, १९५८ सालचं. पुढच्याच वर्षी त्याचा सिनेमा झाला. म्युझिकल म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर हिरव्या टेकड्या आणि गिरक्या घेणारे फ्रॉक येतात, त्यांनी जरा सावरून बसा. इथे टेकडी नाही. इथे गल्ली आहे, निऑनच्या पाट्या आहेत, स्ट्रिप क्लब आहेत, आणि जो तो दुसऱ्याच्या खिशाचा अंदाज घेतोय. सिनेमाची टायटल्ससुद्धा सोहोच्या रस्त्यावरच्या पाट्यांवरून पुढे सरकतात. पहिल्या दोन मिनिटांत कळतं की या गावात सगळंच विकायला ठेवलंय.

दोन इराणी आणि एक कॉफी मशीन

आधी नावाचं बघू. बरोबर उच्चार 'एस्प्रेसो'. पण 'एक्स्प्रेसो' म्हणणारे तेव्हाही होते आणि आज आपल्या ऑफिसच्या पँट्रीतही आहेत. नाटकवाल्यांनी ती चूक मुद्दाम पाटीवर लावली, कारण ज्या पोरांची ही गोष्ट आहे ती असंच म्हणायची.

सोहो हा लंडनच्या मध्यावरचा भाग. १९५३ साली तिथल्या फ्रिथ स्ट्रीटवर मोका बार सुरू झाला. उद्घाटनाला इटालियन नटी जिना लोलोब्रिजिडा आली होती. मशीन इटलीचं, गाजिया कंपनीचं. फुस्स करून वाफ सोडणारं, फेसाळ कॉफी देणारं. बघता बघता सोहोत असे बार पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. कारण साधं होतं. पबमध्ये अठराच्या आतल्यांना दारू मिळत नाही. कॉफी बारला वयाची अट नाही. एका कपावर तासभर बसलं तरी कुणी 'उठा' म्हणत नाही. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. युद्धानंतरचं रेशनिंग १९५४ साली संपलेलं, नोकऱ्या मिळत होत्या, पोरांच्या खिशात पहिल्यांदा स्वतःचे पैसे खुळखुळत होते. 'टीनएजर' नावाचं गिऱ्हाईक नुकतंच जन्माला आलं होतं, आणि त्याला काय विकायचं याचा विचार करणारी मोठी माणसं शेजारच्याच टेबलावर बसली होती.

या बारांमधला सगळ्यात गाजलेला अड्डा म्हणजे 'टू आइज'. पत्ता ५९, ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट. नावाचा डोळ्यांशी काही संबंध नाही हं. आधीच्या मालकांचं आडनाव होतं इराणी. दोन इराणी भाऊ, म्हणून इंग्रजी 'आय' हे अक्षर दोनदा. इराण्याकडे बसून वेळ काढण्याची परंपरा फक्त आपलीच आहे असं वाटत होतं ना? १९५६ साली पॉल लिंकन आणि रे हंटर या दोन कुस्तीगीरांनी तो चालवायला घेतला आणि तळघरात गाणं-बजावणं सुरू केलं.

त्याच वर्षी त्याच तळघरात टॉमी हिक्स नावाचा एक पोरगा गात होता. व्यापारी जहाजावर नोकरी करणारा, वय १९. त्याला एका प्रसिद्धीवाल्याने पाहिलं, नाव 'टॉमी स्टील' झालं, रेकॉर्ड निघाली आणि वर्ष उलटायच्या आत ब्रिटनला आपला स्वतःचा रॉक अँड रोल हिरो मिळाला. १९५७ साली तर त्याच्या आयुष्यावर सिनेमाही आला. विशीत असताना बायोपिक!

हा सगळा खेळ जवळून बघत होता वुल्फ मँकोविट्झ. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू वस्तीत वाढलेला, केंब्रिजला शिकलेला, जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी आणि लेखक. वस्तूची खरी किंमत काय, विकणारा ती किती सांगतो आणि घेणारा किती देतो, हे त्याचं रोजचं काम. टॉमी स्टीलची गोष्ट त्याने एका व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिली. आधी कथा, मग नाटक, मग सिनेमाची पटकथा, सगळं त्यानेच लिहिलं. नाटकाच्या संहितेत ज्युलियन मोर जोडीला होता, आणि संगीत डेव्हिड हेनेकर आणि माँटी नॉर्मन यांचं. माँटी नॉर्मन हे नाव जरा लक्षात ठेवा. मध्यंतरानंतर त्याचं काम आहे.

जॉनी, बोंगो, डिक्सी आणि मेझी

गोष्ट तशी सरळ. जॉनी जॅक्सन हा सोहोतला फुटकळ एजंट. कोट झकास, खिसा रिकामा. त्याची मैत्रीण मेझी एका क्लबात कपडे उतरवण्याच्या शोमध्ये काम करते, पण तिला व्हायचंय गायिका. एका रात्री कॉफी बारमध्ये जॉनीला बर्ट रज नावाचा पोरगा दिसतो. बोंगो वाजवतो, गातो, आणि पोरी वेड्या होतात. जॉनीचं डोकं टॅक्सीच्या मीटरसारखं पळायला लागतं. बर्टचा 'बोंगो हर्बर्ट' होतो, कागद पुढे येतो, निम्मे तुझे निम्मे माझे, आणि बर्ट सही करतो.

लॉरेन्स हार्वेने जॉनीचं काम असं काही केलंय की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. हा माणूस थापा मारतो, दार बंद झालं तर खिडकीतून शिरतो, रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला हो म्हणायला लावतो, टीव्हीवाल्यांना गुंडाळतो. त्या काळचा खराखुरा टीव्ही स्टार गिल्बर्ट हार्डिंग यात स्वतःच्याच भूमिकेत आहे. तेव्हा बोंगोला शोधलं कुणी, उभं केलं कुणी, तर जॉनीने. तो नसता तर बर्ट अजून तळघरात कॉफीच्या बदल्यात बोंगो बडवत बसला असता. मग या मेहनतीची किंमत किती? दहा टक्के? वीस? पन्नास? सिनेमा उत्तर देत नाही, पण प्रश्न असा विचारतो की आपण मनातल्या मनात आकडा ठरवायला लागतो. आणि दर पंधरा मिनिटांनी तो बदलतो. एक प्रयोग करा. मित्रांबरोबर बघा आणि प्रत्येकाला आपला आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगा. सेल्सवाल्यांचा आकडा मोठा येईल, डिझाइनवाल्यांचा छोटा. पैज!

मग एंट्री घेते डिक्सी कॉलिन्स. अमेरिकन स्टार, वय उतरणीला लागलेलं, चमक शिल्लक असलेली. हे काम केलंय योलांड डोनलनने, म्हणजे दिग्दर्शक साहेबांच्या खऱ्या पत्नीने. डिक्सीला हा पोरगा आवडतो, आपल्या शोमध्ये घेते, घरी नेते, रीतभात शिकवते. आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की बोंगो सज्ञान नाही. त्या वेळी ब्रिटनमध्ये सज्ञान होण्याचं वय होतं २१. (ते १८ वर आलं ते थेट १९७० साली.) अज्ञान मुलाची सही, म्हणजे जॉनीचा तो लाखमोलाचा कागद भेळेच्या पुड्याला बरा! ज्या कागदाने पोराला बांधलं, त्याच कागदाने एजंटला रस्त्यावर आणलं.

आणि बोंगो? तो जातो. मागे वळूनही बघत नाही. निरागस चेहऱ्याचा हा पोरगा दिसतो तितका साधा नाही, हे जॉनीच्या आधी आपल्याला कळलेलं असतं.

नाटकात मिरची, सिनेमात साखर

आता खरी गंमत. नाटकात जॉनी जॅक्सन झाला होता पॉल स्कोफिल्ड. ब्रिटिश रंगभूमीवरचा शेक्सपिअरवाला बडा नट, तो म्युझिकलमध्ये सोहोचा टपोरी! याच स्कोफिल्डने पुढे १९६० साली 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' या नाटकात थॉमस मोरचं काम केलं. राजाच्या मनासारखी शपथ घ्यायला नकार देऊन जीव गमावणारा माणूस. १९६६ च्या सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं. दोन वर्षांच्या अंतराने एकच नट आधी दुसऱ्याची सही उकळतो आणि मग स्वतः 'नाही' म्हणून मरतो. करिअर रेंज म्हणतात ती ही.

नाटक जहाल होतं. एजंट, रेकॉर्ड कंपन्या, टीव्ही, धर्मगुरू, थोरामोठ्यांची घरं, सगळ्यांची उडवलेली. सिनेमा करताना नाटकातली बरीचशी गाणी गळाली. का? कारण बोंगोच्या भूमिकेत आला क्लिफ रिचर्ड. तोच त्या वर्षीचा खराखुरा बोंगो. 'मूव्ह इट' हे त्याचं पहिलं हिट १९५८ चं, आणि १९५९ च्या उन्हाळ्यात 'लिव्हिंग डॉल' पहिल्या नंबरावर. शूटिंगच्या वेळी तोही एकविशीच्या आतला. मागे वाजवायला त्याचाच बँड, शॅडोज. त्याचं आधीचं नाव ड्रिफ्टर्स, पण अमेरिकेत त्या नावाचा ग्रुप आधीच होता म्हणून बदललेलं.

आता स्टार घेतला की त्याचं गाणं पाहिजेच. म्हणून 'अ व्हॉइस इन द वाइल्डरनेस' हे नवं, गोड, हळवं गाणं सिनेमात आलं आणि १९६० च्या सुरुवातीला ब्रिटनच्या चार्टवर दुसऱ्या क्रमांकाला पोचलं. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता नॉरी पॅरमोर, म्हणजे क्लिफचा रेकॉर्ड प्रोड्यूसर. बेकायदा काही नाही, धंद्याची रीतच ती. पण गाण्याच्या लेखकाला प्रत्येक रेकॉर्डमागे पैसे मिळतात, आणि स्टारचं गाणं कुणाचं घ्यायचं यात प्रोड्यूसरचा शब्द चालतो. जॉनी जॅक्सनने पडद्यावरून टोपी काढून सलाम केला असता.

याहून भारी किस्सा 'द श्राइन ऑन द सेकंड फ्लोअर' या गाण्याचा. हे नाटकातलंच. आई आणि देव यांची भावनिक खिचडी करून रेकॉर्ड खपवणाऱ्यांची ती चक्क टिंगल आहे. सिनेमात बोंगोची खरी आई त्याच्यावर सतत खेकसणारी दाखवलीय, म्हणजे टोमणा आणखी बोचरा. पण क्लिफने ते इतक्या मनापासून गायलं की चाहत्यांना ते खरंच भक्तीचं गाणं वाटावं. सिनेमातल्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर ते छापूनही आलं. आणि १९६६ साली क्लिफ रिचर्डने जाहीरपणे आपली ख्रिस्ती श्रद्धा सांगितली आणि पुढे खरोखरची भक्तिगीतंही गायला लागला!

हा सिनेमा मला म्हणूनच इतका आवडतो. पॉपस्टार कारखान्यात कसा बनवतात याची टर उडवायला नाटक लिहिलं. कारखान्याने ते नाटक विकत घेतलं आणि त्यातून पॉपस्टार बनवला. ज्याची चेष्टा करायची त्यालाच हिरो केलं, तर चेष्टेची जाहिरात होते. आपल्याकडच्या ऑफिसातसुद्धा कंपनीला नावं ठेवणारा सगळ्यात विनोदी माणूसच ॲन्युअल डेचं सूत्रसंचालन करतो ना? तसंच.

लखनौचा हॅरी

क्लिफ रिचर्डचा विषय निघालाय तर हेही सांगून टाकते. हा ब्रिटनचा लाडका बाळ जन्मला लखनौला, १४ ऑक्टोबर १९४० रोजी. नाव हॅरी वेब. लहानपणी कलकत्त्याजवळ हावड्याला राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, सात वर्षांच्या हॅरीला घेऊन घरचे बोटीने इंग्लंडला गेले. दहा वर्षांनी त्याचा क्लिफ रिचर्ड झाला आणि १९९५ साली सर क्लिफ.

नाव बदलणं ही या सगळ्या मंडळींची कॉमन गोष्ट. टॉमी स्टील म्हणजे थॉमस हिक्स. लॉरेन्स हार्वे जन्माने लिथुआनियाचा, वाढला दक्षिण आफ्रिकेत, पाळण्यातलं नाव वेगळंच. टॉमी स्टीलचा एक मॅनेजर लॅरी पार्न्स तर पोरांना नवीन नावं देण्यासाठी प्रसिद्ध. रेग स्मिथ त्याच्या हातात पडला आणि मार्टी वाइल्ड झाला, रॉनल्ड विचर्ली बिली फ्युरी झाला. सिनेमातल्या बर्ट रजचा बोंगो हर्बर्ट होतो त्यात म्हणूनच अतिशयोक्ती कमी आणि रिपोर्टिंग जास्त आहे. पण नाव दुसऱ्याने ठेवलं की नावावर चालणारं दुकानही निम्मं दुसऱ्याचं, हा फंडा इथून कळतो.

कागदावर कुणाचं नाव?

आता माँटी नॉर्मन. सिनेमा संपला, पण कागदाची गोष्ट संपली नाही.

नाटकानंतर काही वर्षांनी नॉर्मनने व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या १९६१ च्या कादंबरीवरून एका म्युझिकलची तयारी केली. त्रिनिदादमधल्या भारतीय घराची गोष्ट, म्हणून एका गाण्याची चाल त्याने हिंदुस्तानी वळणाची, सतारीच्या अंगाची बांधली. ते म्युझिकल तेव्हा उभं राहिलं नाही. चाल पडून राहिली खणात. मग १९६२ साली त्याच्याकडे एका हेरपटाचं काम आलं. नॉर्मनने खणातली ती चाल काढली, सतारीऐवजी इलेक्ट्रिक गिटारवर घेतली. सिनेमा होता 'डॉक्टर नो'. चाल म्हणजे जेम्स बाँडची थीम! होय, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध हेराची ट्यून मुळात मिस्टर बिस्वास यांच्या घरातली.

तिची मांडणी केली जॉन बॅरीने, आणि ती दणदणीत मांडणी हाच त्या ट्यूनचा अर्धा जीव. बॅरीला त्याबद्दल एकरकमी २५० पौंड मिळाले. कागदावर संगीतकार म्हणून नाव मात्र नॉर्मनचं. बॅरीला पुढे बाँडपटांची कामं मिळाली आणि तो मोठा झाला, पण त्या एका ट्यूनची रॉयल्टी नॉर्मनकडे येत राहिली. १९७६ ते १९९९ या काळात सुमारे सहा लाख पौंड. खरा कर्ता कोण, हा वाद चालूच राहिला. लंडनच्या एका वृत्तपत्राने १९९७ साली श्रेय बॅरीला दिलं तेव्हा नॉर्मन कोर्टात गेला, २००१ साली जिंकला आणि ३० हजार पौंडांची भरपाई मिळवली. २०२२ साली तो गेला तेव्हाही कागदावरचं नाव त्याचंच होतं.

त्याच 'डॉक्टर नो'च्या पटकथेवर आधी काम केलं होतं आपल्या वुल्फ मँकोविट्झने. बाँडच्या दोन्ही निर्मात्यांची एकमेकांशी ओळखही त्यानेच करून दिली होती. पण सिनेमा आपटणार असं वाटून त्याने आपलं नाव काढून घ्यायला सांगितलं. ज्याने आयुष्यभर वस्तूंची किंमत ओळखली, त्याचा अंदाज नेमका तिथे हुकला.

आणि तिसरा, लायनल बार्ट. तोही ईस्ट एंडचा, सोहोच्या याच कॉफी बारांतला. टॉमी स्टीलची गाणी लिहिणारा, क्लिफचं 'लिव्हिंग डॉल' लिहिणारा. स्वरलिपी येत नव्हती, चाली गुणगुणून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. १९६० साली त्याने 'ऑलिव्हर!' हे म्युझिकल केलं, तुफान चाललं, १९६८ च्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. पण तोवर बार्टच्या हातात काही उरलं नव्हतं. १९६५ साली 'ट्वँग!!' हे पुढचं नाटक साफ कोसळलं, ते वाचवायला त्याने स्वतःचा पैसा ओतला, 'ऑलिव्हर!'चे हक्क कवडीमोलाने विकले आणि १९७२ साली दिवाळखोर झाला. गंमत बघा, त्याच्या नाटकात एक अनाथ पोरगा वाडगा पुढे करून आणखी मागतो. ते नाटक लिहिणाऱ्याने स्वतःचा वाडगा दुसऱ्याला देऊन टाकला. १९९४ साली निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी 'ऑलिव्हर!' पुन्हा आणलं तेव्हा त्यांनी बार्टला रॉयल्टीतला वाटा दिला. द्यायलाच हवा असा कागद नव्हता, तरी दिला. पण असा भला माणूस भेटेल यावर रिटायरमेंट प्लॅन करता येत नाही!

तिघांचंही टॅलेंट डोळे दिपवणारं. फरक पडला तो दोन-चार ओळींच्या कागदाने.

मेझीचा कागद

फ्रीलान्सिंग करते म्हणून मलाही असे कागद येतात. एका प्रोडक्शन हाउसने तीन मिनिटांच्या स्क्रिप्टसाठी नऊ पानांचं ॲग्रीमेंट पाठवलं. त्यात माझं लिखाण 'संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत' त्यांचं होणार होतं. संपूर्ण विश्वात! मंगळावर माझी स्क्रिप्ट चालली तरी मला एक रुपया नाही. मी ते वाक्य खोडून परत पाठवलं. काम गेलं. त्या महिन्याचं घरभाडं जड गेलं हेही खरं. नाही म्हणण्याची किंमत असते, आणि ती ज्याच्या खात्यात चार महिन्यांचा पगार शिल्लक आहे त्याला परवडते. बर्टला परवडत नव्हती. म्हणून 'वाचल्याशिवाय सही करू नका' हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. कित्येक जण वाचूनच सही करतात, कारण दुसरी ऑफर नसते. ऑफर लेटरमधला बाँड, तीन महिन्यांचा नोटीस पीरियड, आणि आता व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींपुढे एजन्सीवाले ठेवतात ते करार, सगळीकडे जॉनी जॅक्सन हसतमुखाने पेन पुढे करून उभा असतो. बऱ्याचदा तो चांगला माणूसही असतो!

पण सिनेमा बघून झाल्यावर माझ्या डोक्यात राहिली ती मेझी. सिल्व्हिया सिम्सने तिला फार हळुवार उभं केलंय. आख्ख्या सिनेमात सगळे भांडतात ते बोंगोच्या कागदावरून. जॉनीचा हक्क किती, डिक्सीचा किती, रेकॉर्ड कंपनीचा किती. मेझी मात्र रोज क्लबात जाते, थंडीत कुडकुडत शो करते, घरी येऊन जॉनीची बडबड ऐकते, त्याला धीर देते, गाणं शिकायचं स्वप्न उद्यावर ढकलते. जॉनीच्या सगळ्या उड्या तिच्या जिवावर. पण तिच्या नावाचा कागदच नाही. पन्नास टक्के सोडा, तिचा टक्का कुणी मोजलेलाच नाही. आणि जॉनीला ती वाईट वागणूक देण्यासारखी वाटते असंही नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे. हिशेब करताना तिची आठवण येत नाही, इतकंच.

शेवटी जॉनी पुन्हा सोहोच्या रस्त्यावर येतो. हात हलवत, नवी थाप जुळवत. त्याचं काही बिघडणार नाही, तो दुसरा बोंगो शोधेल. बोंगोचंही भलंच होईल. तुम्हाला काळजी लागून राहते ती मेझीची.

'एक्स्प्रेसो बोंगो'ची नवी डीव्हीडी आणि ब्लूरे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१६ साली काढली. मिळवा आणि एखाद्या शनिवारी रात्री बघा. पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे. कॉफी घरीच करा, स्वस्त पडते. आणि सिनेमा संपला की एक काम करा. ऑफर लेटर नंतर वाचा. आधी आठवून बघा, तुम्हाला हुरूप देणारं, तुमचा डबा भरणारं, तुमचं प्रेझेंटेशन रात्री एक वाजता ऐकून घेणारं कोण आहे. त्या माणसाच्या नावाचा कागद कुठे आहे?

नसेल तर या वेळी पेन तुम्ही काढा.